सही-शिक्क्यानं पडलेला मठ

भग्न वास्तू दिसली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुणी फोडली? गाइडलाही तो पाठ असतो. एखाद्या सरदाराचं नाव, एखादी स्वारी, एखादी आग त्यानं सांगितली की आपलं समाधान होतं, राग कुणावर धरायचा तेही कळतं. यॉर्कच्या सेंट मेरीज ॲबीसमोर मात्र हा प्रश्न लंगडा पडतो. इथं स्वारी झाली नाही. हा मठ बुडाला त्या दिवशी त्याचा एक दगडही हलला नसेल. मठ राजाच्या हवाली करायचा कागद पुढं आला, मठाधिपतीनं आणि पन्नासेक भिक्षूंनी तो मान्य केला, पेन्शनी ठरल्या आणि मंडळी पांगली. उरलेलं काम पुढची जवळजवळ तीनशे वर्षं पाऊस, सरकारी गरज आणि शेजारीपाजारी यांनी सवडीनं उरकलं.

यॉर्क हे उत्तर इंग्लंडमधलं, ऊझ नदीच्या काठावरचं गाव. रोमन सैन्यानं इथं इसवी सन 71 मध्ये छावणी टाकली. 306 मध्ये इथंच कॉन्स्टंटाइनला त्याच्या सैन्यानं सम्राट म्हणून जाहीर केलं. मागाहून व्हायकिंग आले, मग नॉर्मन आले. त्यामुळे या गावात मध्ययुग म्हणजे तसं अलीकडचंच प्रकरण. ज्या बागेत मठाचे अवशेष आहेत, त्याच बागेत रोमन छावणीचा एक बहुकोनी बुरूज उभा आहे. त्याचा खालचा भाग रोमन, वरचा मध्ययुगीन. जवळच दगडी शवपेट्या मांडल्यात आणि त्यांच्यात पावसाचं पाणी साचलेलं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला त्या फुलझाडांच्या कुंड्या वाटाव्यात, इतक्या सहज त्या ठेवल्यात.

माझी भाची तेव्हा तिथल्या विद्यापीठात पुरातत्त्व शिकत होती. मला वाटलं, स्टेशनवरून थेट अवशेषांकडे नेईल. पण ती म्हणाली, "मावशी, आधी आमच्या ॲबटचं घर बघू. जिथं माणूस राहत होता तिथून सुरुवात करायची." ॲबट म्हणजे मठाधिपती. त्याचं घर आज किंग्ज मॅनर म्हणून ओळखलं जातं, तेव्हा ते विद्यापीठाकडे होतं, आणि भाचीचे काही तास तिथंच होत. 15 व्या शतकाच्या अखेरीस ते विटांनी नव्यानं बांधलं गेलं. मठ गेला, घर राहिलं. राजाला उत्तरेवर नजर ठेवायला एक कचेरी हवी होती. 'कौन्सिल ऑफ द नॉर्थ' नावाचा त्याचा दरबार या घरात येऊन बसला आणि पुढं शंभर वर्षं तिथंच होता. दारावर पहिल्या चार्ल्सचं राजचिन्ह कोरलंय. खाली विद्यार्थी सायकलींना कुलपं लावत होते. जी इमारत सरकारी कामाला आली ती टिकली, जी आली नाही ती पडली. यॉर्कच्या मठाचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर एवढाच आहे. पण एका वाक्यात सांगून त्याची गंमत कळत नाही.

तिथून दोन-चार मिनिटांत आपण म्युझियम गार्डन्सच्या हिरवळीवर येतो. समोर चर्चची उत्तरेकडची लांब भिंत, पश्चिमेच्या भिंतीचा तुकडा आणि जिथं चर्चचे चारी हात एकत्र येत त्या चौकातला एक खांब. एवढंच उभं आहे. सगळं चर्च साधारण 350 फूट लांब होतं. हे ऐकलं की हिरवळीकडे बघायची नजर बदलते, कारण लोक जिथं सँडविच खात पहुडलेत ती चर्चची फरशी आहे. एक पोरगं खारीमागं धावत होतं, ते बरोबर मधल्या दालनातून वेदीच्या दिशेनं. कुणी हटकत नाही. तिकीटही नाही.

भिंतीजवळ गेले. दगड फिकट साईच्या रंगाचा, टॅडकास्टरच्या बाजूचा मॅग्नेशियम असलेला चुनखडक. यॉर्क मिन्स्टर हे इथलं भलंमोठं कॅथीड्रलही याच जातीच्या दगडाचं आहे. खिडक्यांत काच नाही, पण काच धरणारी दगडी जाळी काही ठिकाणी शाबूत आहे. खिडक्यांच्या खाली भिंतीतच कोरलेल्या बुटक्या कमानींची रांग आहे, नुसत्या शोभेच्या. त्यांच्या माथ्यावर पानं कोरलीत. जिथं वरच्या दगडाचा आडोसा मिळालाय तिथं पानाच्या शिरा अजून मोजता येतात, आणि कडेला पाथरवटाच्या छिन्नीचे तिरके, एकसारखे फटकारे दिसतात. हातभर अंतरावर, जिथं पाऊस लागतो तिथं, त्याच हाताचं त्याच मापाचं पान झिजून नुसता गोळा झालंय. चुनखडकाला पाणी मानवत नाही, आणि कारखान्यांच्या काळातल्या धुरानं भरलेलं पाणी तर मुळीच नाही. छप्पर असतं तर पाणी लागलं नसतं. छप्पर का नव्हतं, ती गोष्ट पुढं येईलच.

चौकातल्या त्या खांबातून एक कमान निघते, वळते आणि हवेतच संपते. फोटो सगळे तिचाच काढतात. मीही काढला.

मठ कसा उभा राहिला, ते थोडक्यात. नॉर्दम्ब्रियाचा अर्ल सिवर्ड यानं इथं संत ओलाफच्या नावाचं चर्च बांधलं होतं. 1055 मध्ये तो वारला आणि त्यातच पुरला गेला. नॉर्मन विजयानंतर व्हिटबीकडून निघालेल्या स्टीफन नावाच्या भिक्षूला आणि त्याच्या सोबत्यांना ही जागा मिळाली. 1088 साली राजा दुसऱ्या विल्यमनं मठाला मोठं केलं आणि मग जमिनी, गावं, चर्चं दान येत राहिली. दीड-दोनशे वर्षांत मठ इतका मातबर झाला की 1271 ते 1294 एवढ्या अवधीत जुनं चर्च पाडून त्यांनी नवं उभं केलं. सायमन ऑफ वॉरिक या एकाच मठाधिपतीच्या कारकिर्दीत. शेजारच्या मिन्स्टरच्या बांधकामाला सुमारे अडीचशे वर्षं लागली, म्हणून तिथं प्रत्येक पिढीची चव वेगळी कळते. इथली भिंत एका दमात म्हटल्यासारखी वाटते, त्याचं कारण पैसा. पैसा सलग असला की शैलीही सलग राहते.

आणि पैशावरूनच या मठात एक भांडण झालं. मी यॉर्कला गेले ते खरं तर त्या भांडणासाठी.

हे भिक्षू बेनेडिक्टच्या नियमाचे. 6 व्या शतकात इटलीत लिहिलेला हा नियम फार समजूतदार आहे. रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा प्रार्थना, आठवडाभरात दीडशेच्या दीडशे स्तोत्रं म्हणून व्हायला हवीत, हाताला काम, डोळ्याला वाचन. जेवणात दोन शिजवलेले पदार्थ, एक पौंड पाव, थोडी वाइन. चार पायांच्या जनावराचं मांस फक्त आजाऱ्याला. दुसरा पदार्थ का, तर एखाद्याला पहिला खाता आला नाही तर दुसऱ्यावर भागावं म्हणून. मला हे कारण फार आवडतं. कठोर माणसाच्या हातून असं वाक्य लिहिलं जात नाही.

पण मठ श्रीमंत झाला की नियमाला पळवाटा फुटतात. 1132 च्या सुमारास सेंट मेरीजमधल्या काहींना वाटू लागलं की आपलं जेवण, कपडे, गप्पा सगळंच सैल झालंय. पुढारी होता मठातला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, प्रायर रिचर्ड. म्हणजे बंड खालून नव्हे, गादीच्या शेजारून उठलं. मठाधिपती जेफ्री वयस्कर, शांत स्वभावाचा. त्याला ना यांना गप्प करता येईना, ना सगळ्यांना सुधारता. प्रकरण यॉर्कचा आर्चबिशप, म्हणजे तिथला थोरला धर्माधिकारी, थर्स्टन याच्यापर्यंत गेलं. त्या ऑक्टोबरात तो आपली माणसं घेऊन मठात आला तेव्हा सभागृहाच्या दारातच भिक्षूंनी त्याला अडवलं: तुम्ही या, तुमचे कारकून नकोत. आरडाओरडा, धक्काबुक्की झाली. आर्चबिशप, त्याची माणसं आणि तेरा बंडखोर भिक्षू शेवटी चर्चमध्ये घुसले आणि आतून दार लावून घेतलं. हे सगळं खुद्द थर्स्टननं कॅन्टरबरीच्या आर्चबिशपला पत्रानं कळवलंय. पत्र अर्थातच एका बाजूचं आहे. दुसऱ्या बाजूनं पत्र लिहिलं असतं तर पहिलीच तक्रार 'आमच्याच घरात आमच्याशी दांडगाई' अशी असती, आणि तीही खोटी नसती.

त्या तेरांना घेऊन थर्स्टन निघून गेला. डिसेंबरच्या अखेरीस त्यानं त्यांना रिपनजवळच्या स्केल नदीच्या दरीत जमीन दिली. ऐन हिवाळा, डोक्यावर छप्पर नाही. झाडाखाली राहिले, एका दुष्काळात एल्मची पानं उकडून खाल्ली असं त्यांच्याच परंपरेत सांगतात. पुढं ते सिस्टर्शियन या जास्त कडक नियमाच्या संप्रदायात गेले आणि त्यांच्या मठाचं नाव झालं फाउंटन्स ॲबी.

या गोष्टीतले तेरा जण सगळ्यांना ठाऊक असतात. मला मात्र त्यातल्या दोघांनी जास्त गुंतवलं. जर्व्हेस आणि राल्फ. हे दोघे बाहेर पडले खरे, पण थोड्याच काळात यॉर्कला परत आले. थंडी, भूक, अनिश्चितता, काय असेल ते. नंतर जर्व्हेसला राहवलं नाही, तो पुन्हा फाउंटन्सला गेला आणि पुढं एका नव्या मठाचा मठाधिपती झाला. राल्फ मात्र यॉर्कलाच राहिला. फाउंटन्सच्या लोकांनी त्याच्याबद्दल बरं लिहिलेलं नाही, शरीराच्या सुखाशी त्यानं तह केला असा त्यांचा सूर.

मला राल्फ आवडतो. एकदा घरातून तावातावानं बाहेर पडून, त्याच घरात, त्याच माणसांच्या पंगतीत परत येऊन बसायला काय लागत असेल! पहिल्या दिवशी जेवणघरात कुणी त्याच्याकडे पाहिलं असेल, कुणी मुद्दाम पाहिलं नसेल. बेनेडिक्टच्या नियमात मठ सोडून गेलेल्याला तीनदा परत घेण्याची सोय आहे, फक्त बसायला सगळ्यात शेवटची जागा द्यायची. राल्फनं ती शेवटची जागा घेतली असावी आणि उरलेली वर्षं स्तोत्रं म्हटली असावीत. हा माझा अंदाज. पानं खाणाऱ्यांच्या गोष्टी लिहिल्या जातात, परत येणाऱ्यांच्या लिहिल्या जात नाहीत.

भाचीला हे पटलं नाही. "मावशी, तो नुसता थंडीला घाबरला." मी म्हटलं, "मग? थंडीला घाबरू नये असं कुठं लिहिलंय? तू तर कालपासून हीटर सोडत नाहीस." त्यावर तिनं मला म्युझियमच्या तळघरात नेलं. यॉर्कशायर म्युझियम मठाच्या जागेवरच बांधलंय आणि तळघरात मठाच्या इमारतीचा काही भाग जागच्या जागी ठेवलाय. त्यात एक शेकोटीची जागा आहे. ती राल्फच्या नंतरच्या काळातली, पण दगड बघताना विचार येतोच. एवढ्या थोरल्या मठात भिक्षूंना शेकायला मिळे ते एखाद्या ठरावीक खोलीतच. रात्री दोनला उठून ज्या चर्चमध्ये जायचं तिथं शेकोटीचं नाव नाही. सैल झालेला म्हणतात तो मठ असा होता!

आता या गोष्टीचा पुढचा भाग, जो त्या तेरांनाही आवडला नसता. गरिबीसाठी बाहेर पडलेल्यांचा फाउंटन्स मठ मेंढ्या आणि लोकर यांच्या जोरावर इंग्लंडमधला सगळ्यात श्रीमंत सिस्टर्शियन मठ झाला. ओसाड जमीन दिली की मेंढ्या चरतात, मेंढ्या चरल्या की लोकर, लोकर इटलीच्या व्यापाऱ्यांना. साधेपणाच्या नियमानंच त्यांना श्रीमंत केलं. आणि दोन्ही मठ, सोडलेला आणि सोडून उभारलेला, एकाच महिन्यात बंद झाले. नोव्हेंबर 1539. चारशे वर्षांचं भांडण एका वहीत दोन नोंदी होऊन मिटलं.

मधल्या काळात मठाचं गावाशी काही गूळपीठ नव्हतं. मठाच्या हद्दीत शहराचा कायदा चालत नसे, मठ आपला बाजार भरवी, आपली वसुली करी. 1262 मध्ये चिडलेल्या गावकऱ्यांनी मठावर हल्ला केला, माणसं मारली गेली. मग 1266 च्या सुमारास भिक्षूंनी मठाभोवती दगडी तट घालायला घेतला. त्यातला मोठा भाग आजही मेरीगेट आणि बूथम या रस्त्यांच्या कडेनं चालताना लागतो. देवाच्या घराला तट लागला तो परचक्रापासून नव्हे, बेकर आणि खाटकापासून बचाव म्हणून. रॉबिन हुडच्या जुन्या कवनातही कर्जबाजारी सरदाराची जमीन गिळायला टपलेला सावकार आहे तो या सेंट मेरीजचाच ॲबट. चारशे पौंडांचं कर्ज, मुदत संपत आली आहे, आणि हा जेवायला बसून वाट बघतोय. कवन खरं असायची गरज नाही. ऐकणाऱ्याला ते खरं वाटत होतं, एवढं पुरे.

तेव्हा राजाची माणसं मठ बंद करायला आली तेव्हा गाव का उठलं नाही, हा प्रश्न सरळ नाही. कारण उत्तर इंग्लंड उठलं. जोरात उठलं.

राजा आठव्या हेन्रीनं रोमच्या पोपशी संबंध तोडला आणि 1535 मध्ये देशातल्या सगळ्या चर्चच्या उत्पन्नाची मोजणी करवली. गाव, शेत, गिरणी, दशमांश, सगळं वहीत. सेंट मेरीजचं वार्षिक उत्पन्न 2,000 पौंडांच्या वर भरलं. त्याच्या पाठोपाठ राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचे तपासनीस फिरले. उत्तरेत आले लेटन आणि ली, दोघेही कायद्याचे पदवीधर. त्यांचं काम भिक्षूंची पापं लिहून घेणं, आणि ती त्यांनी भराभर लिहिली. 1536 मध्ये कायदा झाला: वर्षाला 200 पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद. आलेली मालमत्ता सांभाळायला एक नवं खातं उघडलं, 'कोर्ट ऑफ ऑग्मेंटेशन्स', म्हणजे सरळसरळ राजाच्या उत्पन्नवाढीचं खातं. नाव ठेवताना कुणी लाजलं नाही.

त्या शरद ऋतूत यॉर्कशायर पेटलं. रॉबर्ट ॲस्क नावाचा एक वकील पुढारी झाला, हजारो माणसं येशूच्या पाच जखमांचं निशाण घेऊन निघाली, यॉर्कमध्ये शिरली. बंद झालेल्या मठांतल्या लोकांनी आपापल्या जागी परत जावं, असा हुकूम ॲस्कनं मिन्स्टरच्या दारावर लावला. राजानं वाटाघाटी केल्या, आश्वासनं दिली, माणसं घरी गेली. 1537 च्या जुलैमध्ये ॲस्कला यॉर्कलाच, क्लिफर्ड्स टॉवर या किल्ल्याच्या बुरुजावर, साखळदंडात टांगलं. इथून चालत वीस मिनिटांवर आहे ते. वाटेत चॉकलेटची दुकानं लागतात.

त्यानंतर मोठ्या मठांनी काय करावं अशी अपेक्षा होती? ज्यांनी विरोध केला ते लटकले होते. मठाधिपती विल्यम थॉर्नटननं कागद मान्य केला. त्याला भरघोस पेन्शन मिळाली. देशभरात साध्या भिक्षूला वर्षाला साधारण पाच-सहा पौंड मिळत, म्हणजे उपाशी मरणार नाही, एवढंच. अशा रीतीनं 1540 पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे 800 मठ संपले. मला या सगळ्यात सर्वांत भीती वाटते ती त्या पेन्शनीची. तलवारीनं बाहेर काढलेला माणूस परत यायचं स्वप्न बघतो. पेन्शन घेतलेला माणूस पुढच्या हप्त्याच्या तारखेकडे बघतो. ज्यानं ही योजना आखली त्याला माणूस कळत होता, हे कबूल करावंच लागतं.

मग छप्पर. चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे असत, आणि शिसं म्हणजे रोख पैसा. जागोजागी राजाच्या माणसांनी आधी ते उतरवलं, तिथंच भट्टी लावून वितळवलं, लगडी पाडून त्यांवर राजाचा शिक्का मारला. भट्टीला सरपण म्हणून चर्चमधलंच कोरीव लाकूडही जाई. शिसं गेलं की पाणी आत येतं, पाणी आलं की लाकूड कुजतं, मग वरची कमान बसते. पाडायला गवंडी लावायची गरजच नाही. यॉर्कच्या उत्तरेला रिव्हो नावाचा मठ आहे, तिथं अशाच चार शिक्क्याच्या लगडी कोसळलेल्या भिंतीखाली राहून गेल्या होत्या. 1920 च्या दशकात ढिगारा उपसताना त्या सापडल्या आणि यॉर्क मिन्स्टरच्या 'फाइव्ह सिस्टर्स' या थोरल्या खिडकीच्या काचा नव्यानं बसवायला वापरल्या गेल्या. हेन्रीनं मोजून घेतलेलं, पण खजिन्यात न पोचलेलं शिसं अखेर एका चर्चच्या खिडकीला लागलं. दुपारी मिन्स्टरमध्ये त्या खिडकीसमोर उभं राहून मी काचेपेक्षा मधल्या काळ्या रेघाच बघत होते.

सेंट मेरीजच्या दगडाचं मात्र असं नशीब नव्हतं. 1541 मध्ये हेन्री स्वतः यॉर्कला येऊन ॲबटच्या घरी उतरला, भाचा असलेल्या स्कॉटलंडच्या राजाची वाट बघत. भाचा आला नाही. (तो आला असता तर त्याचं काय झालं असतं, हा विचार भाच्यानं केलाच असणार.) घर राखलं गेलं, चर्च उघड्यावर पडलं आणि जागा दगडाची खाण झाली. 18 व्या शतकाच्या सुरुवातीला इथले दगड यॉर्कच्या तुरुंगाला गेले, शेजारच्या सेंट ओलाफच्या दुरुस्तीला गेले, बेव्हर्ली मिन्स्टरला गेले. राहिलेले चुन्याच्या भट्टीत. चुनखडक भाजला की चुना होतो, त्यामुळे कोरीव दगड आणि साधा दगड यांत भट्टीला फरक नसतो. उलट, तासलेला दगड उचलायला सोपा.

शेवटी हात लावला तो हौशी विद्वानांनी. यॉर्कशायर फिलॉसॉफिकल सोसायटी 1822 मध्ये निघाली, 1820 च्या दशकाच्या अखेरीस तिला ही जागा मिळाली. म्युझियमचा पाया खणताना मठ हाती लागला. संत आणि प्रेषितांचे आदमकद दगडी पुतळे जमिनीतून निघाले, 12 व्या शतकाच्या अखेरचे, आता खालच्या दालनात उभे आहेत. एकाच्या झग्याच्या चुण्या इतक्या पातळ कोरल्यात की दगड ओला असल्यासारखा दिसतो. 1830 ला म्युझियम उघडलं. हे शहाणे लोक नसते तर मागची भिंतही चुना झाली असती. पण म्युझियम बांधलं ते मठाच्या सभागृहाच्या जागेवर, जिथं 1132 ची धक्काबुक्की झाली तिथल्याच पट्ट्यात. वाचवणाऱ्यांनीही थोडं झाकलंच.

1951 मध्ये या भिंतीसमोर मध्ययुगीन धर्मनाट्यं पुन्हा उभी राहिली, 1569 नंतर पहिल्यांदाच त्या थाटात. पूर्वी ती गावच्या धंद्यांच्या संघांनी करायची असत आणि वाटणीत विनोद ठासून भरलेला: नोआची नौका बांधायची ती जहाज बांधणाऱ्यांनी, शेवटचं भोजन बेकरांचं, आणि येशूला खिळे ठोकायचे ते खिळे बनवणाऱ्यांनी. ज्या गावानं या मठावर दगड मारले होते, तेच गाव त्याच्या पडक्या खिडक्यांतून देवदूत बनून डोकावलं. त्यात एकदा नामवंत अभिनेत्री ज्युडी डेंच येशूची आई मेरी झाली होती.

निघताना भाची म्हणाली, "टॉवर राहिला की." मेरीगेट आणि बूथमच्या कोपऱ्यावर मठाच्या तटाचा गोल बुरूज आहे, सेंट मेरीज टॉवर. मठ बुडाल्यावर यॉर्कशायरमधल्या बंद मठांची कागदपत्रं इथं आणून ठेवली होती. दानपत्रं, खरेदीखतं, हद्दीचे करार. 1644 च्या जूनमध्ये यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैन्यानं यॉर्कला वेढा घातला, याच बुरुजाखाली सुरुंग लावला आणि उडवला. निम्मा बुरूज गेला, कागद हवेत. पुढं बुरूज सावरला गेला, पण नवी बाजू जुन्या गोलाईशी जुळलीच नाही. उसवलेल्या सदऱ्याला भलत्याच मापाची बाही जोडावी, तसा तो सांधा दिसतो. बसस्टॉपवर उभं राहूनही दिसतो.

कागद मात्र सगळे गेले नाहीत. रॉजर डॉड्सवर्थ नावाचा एक माणूस वेढ्याच्या आधी कित्येक वर्षं यॉर्कशायरचे जुने दस्तऐवज हातानं उतरवून घेत होता. या बुरुजात बसून त्यानं दानपत्रांमागून दानपत्रं नकलून काढली. कुणी सांगितलं नव्हतं, युद्धाची चाहूलही नसेल. वेढा घालणाऱ्यांतला एक सेनापती थॉमस फेअरफॅक्स, म्हणजे ज्याच्या बाजूनं बुरूज उडवला तोच. त्यानं ढिगाऱ्यातून कागद शोधून आणणाऱ्या सैनिकांना बक्षीस दिलं, आणि डॉड्सवर्थला वर्षासन बांधून दिलं. फेअरफॅक्सच्या मृत्युपत्रातून डॉड्सवर्थच्या सुमारे 160 वह्या ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात गेल्या, आणि कुठलं शेत कुणी मठाला कधी दिलं हे शोधायचं झालं तर अजूनही त्या उघडाव्या लागतात. भाचीच्या शिक्षकांपैकी एकांनी उघडल्यात. अक्षर गिचमिड आहे म्हणे.